कोपरा कापलेली पट्टी

४ नोव्हेंबर

मास्तर,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून सगळी गिऱ्हाइकं तुम्हाला जे म्हणतात तेच लिहिलं. बायकोने नवऱ्याला मास्तर म्हणू नये असा काही नियम नाही. फोन केला असता, पण तुमचा फोन इथेच शाईच्या कपाटात पडलाय. घर सोडून जाणाऱ्या माणसाने निदान फोन तरी बरोबर न्यावा. मला या वयात पत्रं लिहायला बसवलंत.

कामं दोन आहेत. दोन्ही लिहिते आणि पत्र संपवते.

पहिलं असं. औषधवाल्या कंपनीचे ते पांढरे प्लास्टिकचे डबे आलेत. झाकणाखाली बॅच नंबर आणि तारीख मारायची आहे. मी आपली नेहमीची काळी शाई घेतली, शिक्के मारले, छान उठले. दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखी चिकटपट्टी लावून ओढली, तर अख्खा नंबर पट्टीवर आणि डबा कोरा करकरीत. स्पिरिटने पुसून घेऊन पुन्हा मारले, तेच. शाई बदलली, पातळ केली, जाड केली, भट्टीशेजारी ठेवून वाळवली. शेवटी हात टेकले. पत्र्याला कुठली शाई, काचेला कुठली, खोक्याला कुठली, एवढं मला येतं. हे डबे मात्र कुठल्याच शाईला दारात उभं करत नाहीत. काय करायचं ते लिहा.

दुसरं. वर्कशॉप विकायचं ठरवलंय. बाटल्यांच्या कारखान्याचे मालक, ज्यांना आपण पाठीमागे बाटलीशेठ म्हणतो, ते मशीन, भट्टी, जागा, सगळं घ्यायला तयार आहेत. मागची आपली राहती खोलीसुद्धा. जागा दोघांच्या नावावर, त्यामुळे तुमची सही लागेल. कागद सोबत घातलाय. फुली केलीय तिथे सही करा आणि परत पाठवा. यायची गरज नाही.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलले, ते परत घेत नाही, तेव्हा त्याविषयी काही लिहू नका.

आणि ताई, भाऊ तुमच्या घरी राहतो म्हणजे त्याची पत्रं आधी तुम्हीच उघडणार, हे मला ठाऊक आहे. उघडलंत तर उघडलंत. वाचून झालं की त्यांना द्या म्हणजे झालं.

— मी


१६ नोव्हेंबर

मास्तर,

उत्तर मिळालं. चार ओळी, आणि चारही डब्यांविषयी. "बरी आहेस ना" एवढं लिहायला शाई कमी पडली असेल. तिकडे ज्या केबलच्या कारखान्यात कामाला लागलात, तिथे ती मोजून देत असतील.

असो. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, नेहमीसारखं. हे प्लास्टिक मुळातच तुळतुळीत स्वभावाचं, त्याला आधी आच दाखवायची आणि मगच शाईचं नाव काढायचं. आच दाखवायची म्हणजे किती, ते मात्र तुम्ही लिहिलं नव्हतंत. पहिले डबे मी ज्योतीवर जरा जास्त धरले, तर ते वाकून नमस्कार करायला लागले. मग हात पटकन फिरवायला शिकले. पाण्याची युक्ती छान आहे. आच दाखवलेल्या डब्यावर पाणी टाकलं आणि त्याचे मणी झाले तर डबा अजून तयार नाही, पाणी सपाट पसरलं तर तयार. काल एकदाचं पसरलं. शिक्का मारला, वाळू दिला, पट्टी लावून ओढली. आकडा जागचा हलला नाही. मी हसून मागे वळले, कोणाला तरी दाखवायला. मागे मशीन होतं.

बाटलीशेठ जागा बघून गेले. आजवर त्यांचा माणूसच माल घेऊन यायचा, ते स्वतः पहिल्यांदाच आले. भट्टी बघितली, छत बघितलं, भिंतीला ओल आहे का ते बोटांनी चाचपून बघितलं. मग मागच्या खोलीच्या दाराशी थांबले. तिथल्या लोखंडी चौकटीवर एकावर एक काळ्या रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख. म्हणाले, "वहिनी, हे शाईचे नमुने का?"

मी म्हटलं, "नाही, आमच्या मुलीची उंची."

"अरे वा. कितवीला आहे?"

"ती पावसाळ्यात गेली," मी म्हटलं.

ते खिशात गाडीची किल्ली शोधायला लागले. मला वाटायचं, हे वाक्य कोणासमोर बोलायची वेळ आली तर माझा आवाज फुटेल. फुटला नाही. डब्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं मी, आणि ते मलाच फार लागलं.

मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, ही वरची निळी रेघ कसली. मी सांगत बसले. शिक्के मारायच्या मशीनचा दांडा जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्या उंचीवर ती तुम्ही मारलीत, आणि ठिपकीला सांगितलंत की तुझी काळी रेघ निळीला टेकली की दांडा तुझा, तोवर मशीनला हात लावायचा नाही. बूट लहान झाले की तिला चौकटीला उभं करायचं, डोक्यावर सपाट पट्टी धरायची आणि रेघ मारायची. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती की डॉक्टरीणबाईंनीच तिला ठिपका म्हटलं होतं, आणि पुढे ती स्वतःच सगळीकडे सही म्हणून ठिपका काढायची, हेसुद्धा मी त्या परक्या माणसाला सांगितलं. बोलायला लागले की मी थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ऐकायला कोणी नसलं की आणखीच.

निळीला टेकलेली शेवटची रेघ कुठाय, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना काय माहीत तिथे एक रेघ होती म्हणून.

कागदाचं बघा.

— मी


२९ नोव्हेंबर

मास्तर,

तुमची सही आली.

सही माझ्या हातात येऊन पडली तेव्हा मी भट्टीतून पत्र्याच्या पाट्या काढत होते. पाकीट उघडलं, कागद उलटसुलट बघितला, मागे काही लिहिलंय का ते बघितलं. नाही. यायची गरज नाही असं मीच लिहिलं होतं, कबूल. माणूस कधीकधी तसं लिहितो. पण इतक्या झटक्यात सही? मशीन तुम्ही हाताने जोडलेलं, भट्टीच्या विटा आपण दोघांनी बसवल्या, आणि तुम्ही फुली केलेल्या जागी सही करून मोकळे झालात.

तर मग मीही मोकळी होते. ताई, तुम्हीही वाचा. यांनी तुम्हाला काही सांगितलं नसणार.

ठिपकी गेल्यावर या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. एके सकाळी मी चहा टाकला होता आणि यांनी स्पिरिटचं फडकं घेतलं आणि चौकटीपाशी जाऊन उभे राहिले. मी विचारलं, काय करताय. म्हणाले, "शेवटची रेघ पक्की झालीय का बघतो. ही कायम राहायला हवी."

आता बघा, हा यांच्या हाताचा धर्म आहे. इथून बाहेर जाणारा कुठलाही शिक्का स्पिरिटने घासून बघितल्याशिवाय जात नाही. पत्र्यावरच्या शाईत हार्डनर घालावा लागतो. तो घातला की शाई पत्र्याला धरते ती कायमची. नाही घातला तरी ती वाळते, दिसतेही तशीच, पण कच्ची राहते, आणि स्पिरिट लागलं की निघून येते. खालच्या रेघांवरून यांनी फडकं फिरवलं, काही झालं नाही. वरच्या रेघेवरून फिरवलं आणि एका हातासरशी ती फडक्यावर आली. रेघही आणि तारीखही. चौकट स्वच्छ.

दुसरं कोणी असतं तर त्याने चौकटीला हातही लावला नसता. डोळे भरून बघितलं असतं आणि गप्प बसलं असतं. मास्तर, कायम राहावी म्हणून घासलेली रेघच पुसली जाते, असं तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच घरात होतं.

मग तुम्ही म्हणालात, "यात हार्डनर नव्हता. मी विचारलं होतं तिला. हो म्हणाली होती."

शाई मिसळायचं काम ठिपकीचं असायचं, मला माहीत आहे. पण ती जाऊन किती दिवस झाले होते? आणि तुम्ही तिचं नाव घेतलंत. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, गेलेल्या पोरीवर ढकलता का आता? आजाराने नेली ती नेली, उरलेली तुम्ही पुसलीत.

तुम्ही फडक्याची घडी केलीत, खिशात ठेवलीत. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघालात आणि मी अडवलं नाही.

हे सगळं लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

— मी


१० डिसेंबर

मास्तर,

काचेच्या बाटल्यांचं काम संपत आलंय. बाटलीशेठना महिनाअखेर ताबा हवाय, म्हणून आवराआवर काढलीय. रबरी शिक्क्यांपैकी बरेचसे फुगून बसलेत. तेज शाईत ते भिजू देऊ नका म्हणून तुम्ही घसा फोडून सांगायचात आणि मी ऐकायची नाही. आता ऐकते, तर सांगणारं कोणी नाही. भट्टीच्या वरच्या तारा आज उतरवायला घेतल्यात. नमुन्याच्या पट्ट्यांचं काय करू, फेकू का ठेवू, तेवढं

पत्र इथेच राहिलं होतं. आता पुढचं लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या.

ताई, तुम्हाला कळावं म्हणून सांगते. आमच्याकडे शाई मिसळली की जिच्यावर मारायची तसल्याच वस्तूची एक पट्टी घेऊन तिच्यावर तोच शिक्का मारायचा आणि पट्टी तारेला अडकवायची. पुढेमागे तक्रार आली की ती उतरवून तपासायची. आता काही खुणा मुद्दाम कच्च्या मारतात, कारखान्यात जोडणी झाली की पुसायच्या म्हणून. त्यांत हार्डनर घालत नाहीत. त्यांच्या पट्टीचा एक कोपरा कापायचा, म्हणजे कोणी चुकून पक्की समजू नये. हा नियम यांनीच घातलाय. पट्टी बघायची ती आधी कोपऱ्याकडे.

सगळ्यांत खालची तार ठिपकीची. तिचा हात पोचायचा तेवढ्या उंचीवर मुद्दाम बांधलेली. चौकटीवर रेघ मारली की ती तिचीही पट्टी करून अडकवायची, मोठ्या माणसासारखी. चौकटीच्याच राखाडी रंगाचे पत्र्याचे तुकडे तुम्ही तिला कापून दिले होतेत. ती तार मी शेवटी ठेवली होती. आज हात घातला. एकेक पट्टी, एकेक रेघ, एकेक तारीख, खाली ठिपका. कोपरे सगळे शाबूत.

शेवटची पट्टी १२ जूनची. चौकटीवरून पुसली गेली त्याच रेघेची तारीख. तिचा कोपरा कापलेला आहे.

मोडलेला नाही हो, कापलेला. पत्र्याच्या कात्रीने, दोनदा प्रयत्न करून, कारण कात्री तिला जड पडायची. खाली ठिपका आहे.

म्हणजे ती विसरली नव्हती. तुम्हीही विसरला नव्हतात. तुम्ही विचारलंत, ती हो म्हणाली, आणि तुम्ही मला खरं तेच सांगितलंत. तिने जाणूनबुजून कच्ची शाई तुमच्या हातात दिली, तोंडाने खोटं बोलली, आणि मग आपल्या नियमाप्रमाणे कोपरा कापून खरं काय ते तारेला अडकवून ठेवलं. इतके महिने ते आपल्या डोळ्यांसमोर लटकत होतं. आपण दोघांनी त्या तारेकडे बघायचं टाळलं.

पण का, मास्तर? कच्ची का हवी होती तिला? पट्टी हातात घेऊन बसलेय. हात लावायचीसुद्धा भीती वाटते, निघेल म्हणून.

— मी


१२ डिसेंबर

मास्तर,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच हे लिहितेय, कारण आता राहवत नाही.

का, ते मला कळलंय.

चौकटीपाशी बसून मी रेघांमधली अंतरं बघत होते. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, सगळ्या बोटा-दोन बोटांच्या अंतराने चढत गेल्यात. शेवटून दुसरी तर तिच्या खालचीला जवळजवळ चिकटलेली. आणि तिथून ते पुसलेल्या जागेपर्यंत चांगलं चार बोटं अंतर. पोरगी एकदम वाढली म्हणून आपण किती खूश झालो होतो. तुम्ही म्हणालात, आता पायजमे नवे शिवायला हवेत. मी म्हटलं, बापावर गेली. आठवतंय?

मग मी पलंगाखालून तिचे बूट काढले. जुने आणि नवे. बूट टोचतात, लहान झालेत, म्हणून तिने आठवडाभर भुणभुण लावली होती, आणि मीच तिला घेऊन गेले होते. दुकानदाराने पाय मोजला आणि काहीतरी बोलला. मी घाईत होते, म्हटलं, बसतात ना, मग बांधा. तिने जाड तळाचे निवडले. आज दोन्ही जोड्या उलट्या केल्या. तळावरचा नंबर एकच आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर नंबर मारणारी मी बाई, पोरीच्या बुटाखालचा नंबर बघितला नाही.

तिचा पाय वाढला नव्हता. ती वाढलीच नव्हती. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, की हा रक्ताचा आजार कितीतरी महिने अंगात होता, असली मुलं वाढायची थांबतात. तेव्हा ते आपल्या डोक्यावरून गेलं. ठिपकीला मात्र कळत होतं की आपली रेघ वर सरकत नाहीये. निळी तिथेच, आणि ही खाली. मग तिने जाड तळाचे बूट मिळवले, ते घालूनच चौकटीला उभी राहिली, टाचा उचलल्या आणि एकदाची निळीला टेकली. आणि रेघ खोटी होती म्हणून ती कच्च्या शाईने मारून घेतली. खरी उंची झाली की पुसून पक्की मारू, असा तिचा बेत असणार. आपल्याच पोटची ती. खोटा शिक्का पक्का मारायचा नसतो, एवढं तिला शिकवावं लागलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इथे कोणी नाही, तरी आत जाऊन रडले.

आता एकच विचारते आणि खरं सांगा. शिक्का केसभर सरकला तर तुम्ही दारातून ओळखता. त्या दिवशी तिच्या डोक्यावर पट्टी धरून तुम्ही उभे होतात, चांगले मन लावून. तिने टाचा उचलल्या होत्या, हे तुम्हाला दिसलं नाही?

डब्यांविषयी लिहू नका.

— मी


२४ डिसेंबर

मास्तर,

तुमचं पत्र परवा आलं. या वेळी दोनच ओळी.

"दिसलं होतं. तेव्हा तिला खरी मोजली असती, तर वाढ थांबलीय हे वेळेत कळलं असतं."

तर हे घेऊन तुम्ही गेलात. शाई नाही, फडकं नाही, मी बोलले ते नाही. आणि मी इथे हार्डनरवरून भांडत बसले होते. तुम्ही त्या वेळी तोंड उघडून का नाही सांगितलंत? मी ओरडले असते, हो. भांडी आपटली असती. पण तुम्ही एकट्याने हे गिळत त्या केबलींवर आकडे मारत बसला नसतात.

मी काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांना सरळ विचारलं, जूनमध्ये कळलं असतं तर वाचली असती का. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील, आणि मग ते नाही मी तुम्हाला लिहून पाठवीन. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. म्हणजे तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही. खोटं लिहू शकले असते, पण या घरात ते आता नको.

एवढंच लिहिते, की यात तुम्ही एकटे नाही. तुम्ही टाचा बघितल्यात आणि गप्प बसलात. मी तिला बूट घेऊन दिले आणि नंबर बघितला नाही. दुकानदार सांगत होता तेही ऐकलं नाही. ओझं वाटून घ्यायचं असेल तर अर्धं इकडे द्या. तुम्ही पळून गेलात म्हणून माझा अर्धा वाटा काही तुमच्याबरोबर गेला नाही.

आणि का गप्प बसलात, हे मला माहीत आहे. तिने दांडा ओढायला किती जीव टाकला होता, ते तुम्हीही बघत होतात. त्याच संध्याकाळी तुम्ही तिला मशीनपाशी उभं केलंत. दोन्ही हातांनी लोंबकळून तिने दांडा खाली आणला आणि पहिला शिक्का पाटीवर तिरका उठला. मला म्हणाली, "आई, बघ, मी कामाला लागले." मी म्हटलं, मग उद्यापासून चहा तूच कर. ती पाटी तुम्ही गिऱ्हाइकाला दिली नाहीत. कपाटात तुमच्या फोनखाली सापडली. तुम्ही तिला खरी मोजली असती, तर डॉक्टरकडे कदाचित आधी गेलो असतो. पण ती संध्याकाळ तिला मिळाली नसती. मला यातलं काय चांगलं आणि काय वाईट ते ठरवता येत नाही. मी रोज वेगळं ठरवते.

मी बोलले ते परत घेते. तुम्ही तिला पुसली नाहीत. रेघ पुसली जावी अशीच तिने मारून घेतली होती. फक्त पुसायची वेळ वेगळी ठरली होती.

बाटलीशेठना कागद दिलेला नाही. त्यांना म्हटलं, थांबा, मास्तर आल्यावर बघू. ते म्हणाले, मास्तर येणार आहेत का? मी म्हटलं, तुम्ही तुमच्या बाटल्यांचं बघा.

आता कामाचं ऐका. चौकटीवर तुम्ही फडकं फिरवलंत तिथला रंग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो, इतक्या वर्षांचा मळ निघाला ना. त्यामुळे रेघ कुठे होती ते शोधावं लागणार नाही. तारखेचा शिक्का मी १२ जूनवर फिरवून ठेवलाय. तिच्या पट्टीशी ताडून बघितला, जुळतो. पट्टी काचेच्या बरणीत ठेवलीय. तिच्यावर लाख-बीख काही चढवलेली नाही. कच्च्या शाईवर लाखेचा हात फिरवला तर तीच धुऊन जाते, हे तुम्ही सांगायच्या आधी मला आठवलं.

खोटी रेघ आहे, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही, आणि तिला तर होतंच. ती खरी होईपर्यंत कच्ची ठेवायची होती. आता ती खरी व्हायची नाही. तेव्हा आहे तशीच, टाचा उचललेली, पक्की करू. शिक्का तुम्ही मारा. मिसळायचं काम मी करते, तिच्या जागी.

ताई, यांना गाडीत बसवून द्या. बरोबर काही बांधून देऊ नका, इथे सगळं आहे.

काळी शाई वाटीत काढून, वर झाकण ठेवून दिलीय. हार्डनरची डबी शेजारीच आहे, अजून उघडलेली नाही. एकदा तो घातला की शाई कोणासाठी थांबत नाही, म्हणून घातलेला नाही. तुम्ही दारात दिसलात की घालीन.

— मी